सेल उतरलेलं गाणं

माणूस जाऊन वर्ष झालं की आमच्या वाडीत सकाळी वंदना होते, मग जेवण होतं, आणि दुपारनंतर गायन पार्टी बसते. पार्टी म्हणजे वाडीतलीच पोरं. ढोलकी, पेटी, टाळ, आणि आता एक कीबोर्ड आणि काठ्यांनी बडवायचा तो सपाट ऑक्टोपॅड. आधी ठरलेली गाणी होतात आणि मग गेलेल्या माणसाच्या आवडीचं एखादं. ते कुठलं हे विचारायला पार्टीचा गाणारा आधी घरी येऊन जातो.

माझ्या घरी तो आषाढात आला. माझा चुलत पुतण्याच तो. जयगडला बंदरात क्रेनवर कामाला आहे, सुट्टी बघून आला. पडवीत बसला, चहा प्याला आणि बोलला, "काका, काकीच्या आवडीचं काय घेऊ?"

"होडीचं गाणं," मी बोललो.

"ते लग्नातलं? वर्षाला?"

"तू तिच्या आवडीचं विचारलंस ना? तुझ्या आवडीचं नाही विचारलंस."



होडीचं गाणं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याचं खरं नाव काहीतरी वेगळं आहे, पण त्या नावानं ते कुणी ओळखत नाही. नवी नवरी खाडीवर होडीत बसलीय, होडीवाला दोर सोडायला निघालाय, आणि ती त्याला सांगतेय, जरा थांब रे दादा, माझं माणूस अजून वाटेवर आहे. माणूस म्हणजे तिची आई. काहीतरी गाठोडं घेऊन ती मागून येतेय. एवढंच गाणं. आई पोचते की नाही ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. लग्नात नवरी निघाली की बेंजोवाले हेच वाजवतात, आणि ज्या मामानं सकाळपासून मटणावरून भांडण काढलेलं असतं तोसुद्धा टॉवेल डोळ्याला लावतो.

"बरं," पुतण्या बोलला, "चाल तीच ठेवतो, शब्द काकीवर बांधतो."

हे आमच्याकडे नेहमीचं आहे. सिनेमातली चाल घ्यायची आणि आपले शब्द घालायचे. एका कडक म्हातारीच्या वर्षाला ह्यांनी अशीच एका नाचाच्या गाण्याची चाल घेतली होती. पुढे म्हातारीचे गुण गात होते आणि मागे पोरं बसल्या जागी खांदे उडवत होती.

"शब्दांना हात लावायचा नाही," मी बोललो. "शब्द आहेत ते बरोबर आहेत."

त्यानं मोबाईल काढला, बोट फिरवलं आणि मूळ गाणं लावलं. मुंबईच्या बाईनं गायलेलं, जे रेडिओवर लागायचं ते. "हेच ना, काका?"

"हेच. पण असं नाही."

"मग कसं?"

इथं माझी गाडी अडली. मला गाता येत नाही. मी जन्मभर खाणीत चिरा काढला. आधी हातानं आणि नंतर मशीननं, आणि त्या मशीनच्या आवाजानं एक कान घेतला तो घेतलाच. मी गुणगुणायला लागलो की आमचा कुत्रा उठून अंगणात जायचा. तिचं गाणं माझ्या डोक्यात असं स्वच्छ वाजत होतं, की वाटायचं पुतण्यानं जवळ येऊन कान लावला तर त्याला ऐकू येईल. पण तोंडातून काढायला गेलो की नुसती घरघर.

"काकी सावकाश गायची," एवढंच सांगता आलं.

"किती सावकाश?"

"खूप."

"बघतो," बोलला आणि गेला. मला माहीत होतं तो काय बघणार ते. पार्टी बसणार, ऑक्टोपॅडवाला टकाटक सुरू करणार, आणि माझ्या बायकोच्या वर्षाला ते गाणं कुठल्याही लग्नात वाजतं तसं वाजून संपणार. आणि मग तिचं गाणं कुणाला येणार? मी आहे तोवर माझ्या डोक्यात. पुढे तेही नाही.

तिचं गाणं तसं का होतं ते सांगितलं पाहिजे.

ती मंडणगडकडची. तिकडे डोंगरात आत तिचं माहेर. लग्न करून आमच्याकडे आली, आमची वाडी पूर्णगडच्या बाजूला, तेव्हा पहिल्याच पावसात तिला घरच्या बायकांबरोबर भाताच्या लावणीला उतरवलं. लावणीला गाणं लागतंच. एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. माझी वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, तोंडानं तेव्हाही फटकळ. ती बोलली, "नव्या नवरीला सांगा गं गाणं." हिनं खाली मान घालूनच होडीचं गाणं सुरू केलं. आमच्या बायकांना ते गाणं रेडिओवरून पाठ होतं. दुकानात रेडिओ होता. त्या उचलायला गेल्या तर ह्यांची ओळ संपली आणि हिची अर्ध्यावर! सगळ्या खो खो हसल्या.

"अगं बाय," वहिनी बोलली, "तुझ्या गाण्याला ताप आलाय काय? उठवत नाय त्याला."

ही हसली नाही आणि थांबलीही नाही. तशीच गात राहिली. मी बांधावरून तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या फेकत होतो, सगळं बघत होतो. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. वाटलं, बायकोला धड गाणं येत नाही.

पण लावणी ज्यानं केलीय त्याला माहीत आहे. ओणवं व्हायचं, अंगठ्यानं रोप चिखलात खुपसायचं आणि मागे सरायचं. पुन्हा खुपसायचं, पुन्हा मागे. पोट दाबलेलं असतं, दम पुरत नाही. रेडिओचं गाणं तसं गायला गेलं की दुसऱ्या ओळीला माणूस धापा टाकतं. हिच्या गाण्यात एक रोप खुपसून होईपर्यंत एक शब्द निघायचा. दुपारची भाकरी आली तेव्हा बांधावर ऐकलं तर सगळ्या तापातलंच गाणं गात होत्या. वहिनीसकट.

ते तसं का आलं हे मला शिमग्याला कळलं. आम्ही दोघं तिच्या माहेरी गेलो. अंगणात सुपात सुकट वाळत होती आणि सुकटीच्या शेजारी ओळीनं सेल. टेपरेकॉर्डरचे मोठे सेल. तिचा थोरला भाऊ मुंबईला कामाला, त्यानं कधीतरी टेपरेकॉर्डर आणून दिलेला आणि बरोबर एकच कॅसेट. वाडीत लाईट नव्हती. सेल आणायचे तर चालत मंडणगडच्या बाजारात. मग काय करायचे? सेल उतरले की उन्हात ठेवायचे, पावसात चुलीजवळ ठेवायचे, एकमेकांवर आपटायचे, दातानं दाबायचे, आणि पुन्हा घालायचे. त्या मेलेल्या सेलांवर टेप चालायचा कसा, तर बैल चढ चढतो तसा. आणि टेप हळू फिरला की आवाजही खाली येतो, जाड होतो. मुंबईच्या बाईचा बारीक आवाज, तो ह्या टेपातून पिकल्या म्हातारीचा यायचा. सासुरवाडीला सगळ्यांना वाटायचं, गाणारी बाई वयस्कर आहे आणि फार दुःखातून गातेय. अख्खी वाडी तेच गाणं शिकली. खरं त्यांनी ऐकलेलंच नव्हतं.

मी पोट धरधरून हसलो. नवा जावई, शहाणपणा दाखवायचा होता. दुसऱ्या दिवशी बाजारातून कोरे सेल घेऊन आलो. सगळ्या घराला पडवीत बसवलं. सेल घातले, बटण दाबलं. बाई सुटली! बारीक आवाजात, टणाटणा.

 सासूबाई टेपाकडे बघत राहिल्या, मग बोलल्या, "ही कोण पोरगी? आमची बाय कुठं गेली?"

मी सांगितलं की हीच ती बाई, आणि हेच खरं गाणं, तुमचे सेल मेलेले होते.

सासरे फार थोडं बोलायचे. त्यांनी कॅसेट पूर्ण होऊ दिली आणि बोलले, "जावयबापू, काढा ते सेल. बायला घाई झालीय."

आणि काढायला लावले! माझे कोरे सेल बॅटरीत घातले, आणि उन्हातले मेलेले पुन्हा टेपात.

परत येताना एसटीत मी बायकोला बोललो, "कळलं ना आता? तुझं गाणं सेल उतरलेलं गाणं आहे."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. बोलली, "एक सांगा. ती होडीवाल्याला काय सांगते? थांब म्हणूनच सांगते ना?"

"हो."

"मग थांब म्हणणारी बाय स्वतः कशाला धावेल?"

मला उत्तर आलं नाही. ती होती तोवर आलंच नाही. मी आपलं एकच धरून बसलो, की मूळ ते मूळ. तिनं भाकरी थापताना गाणं सुरू केलं की मी ओसरीवरून ओरडायचो, "सेल बदल गं!" ती आतून ओरडायची, "तुमचा बदला आधी!" लोकांच्या घरात पैशावरून, जमिनीवरून भांडणं. आमच्या घरात ह्यावरून. पोरगा मोठा झाला, मुंबईला गेला, त्याचं लग्न झालं, आणि आमचं हे भांडण तसंच चालू.

लग्नाला गेलो आणि बेंजोवाल्यांनी होडी सुरू केली की ती मला कोपर मारायची. "ह्यांना जेवायला जायचंय, बघा." एकदा जयंतीला ऑर्केस्ट्रा आणलेला. चमचम कोटवाला गाणारा, हेच गाणं गायला आणि मधेच माईक आमच्याकडे करून टाळ्या मागायला लागला. ती मोठ्यानं बोलली, पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल असं, "त्या पोरीची आय वाटेवर राहिलीय आणि ह्याला टाळ्या हव्यात." मग पुढे लग्नात ते मोठे स्पीकर आले. त्यात होडीचं गाणं असं वाजवलं की मांडवाचे बांबू थरथरले. ती कानावर पदर घेऊन बोलली, "ही होडी नाय. ही मोटारलाँच आहे. हिला कोण थांबवणार?"

अशी बाई. गेल्या श्रावणात एका सकाळी बोलली, छातीत दुखतंय, आणि दुपार उलटायच्या आत गेली. ह्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. जिथं दुखतं तिथं लोक बोट लावून बघतात, मला ते आवडत नाही. एवढंच, की घरात गाणं बंद झालं आणि मला ओरडायला कुणी उरलं नाही.

तर पुतण्या गेला, आणि मी नातीला सगळं सांगितलं. नात रत्नागिरीला कॉलेजात आहे, माझ्याकडेच राहते. तिनं मोबाईल माझ्या चांगल्या कानाकडे धरला. "आबा, हे गाणं खूप जणांनी गायलंय. आपण एकेक ऐकू. त्यात आजीसारखं एखादं तरी असेल."

त्या दुपारी आम्ही दोघं पडवीत बसून हेच करत होतो. मला तोवर माहीत नव्हतं, की दुसऱ्याचं गाणं इतके लोक गातात आणि जगाला दाखवतात.

पहिली एक लहान पोरगी, टीव्हीवरच्या स्पर्धेतली. गळा गोड, पण एका शब्दाला इतकी वळणं की मला आमचा आंबा घाट आठवला. समोर बसलेले तीन परीक्षक रडत होते. मी नातीला बोललो, "ही होडीवाल्याला थांब म्हणत नाहीय, त्या तिघांना मार्क द्या म्हणतेय."

मग एक दाढीवाला पोरगा, गिटार घेऊन, डोळे मिटून, मागे कुंडीत झाड. ह्याला होडी मिळाली काय आणि न मिळाली काय, काही फरक पडेल असं दिसत नव्हतं.

मग शाळेतली पोरं, ओळीत उभी. सगळी एका सुरात थांब थांब बोलत होती. इतक्या पोरांनी सांगितल्यावर होडीवाला बिचारा थांबेलच. ते मला बरं वाटलं, पण ते कवायतीसारखं होतं.

मग नुसती बासरी. नात बोलली, "छान आहे ना?" मी बोललो, "छान आहे, पण कोण कुणाला थांबवतंय ते कळत नाही."

आणि मग एक माणूस. बनियनवर, स्वयंपाकघरात उभा. मागे गॅसवर कुकर. बोलण्यावरून आमच्याच खाडीकडचा मुसलमान वाटला, गल्फात कुठेतरी असणार. आधी बोलला, आमच्या अम्मीला हे गाणं आवडायचं, आणि मग कशाची साथ नाही की काही नाही, गायला लागला. मधे कुकरची शिट्टी झाली तर थांबला, शिट्टी होऊ दिली, आणि पुन्हा तिथूनच उचललं. मी नातीला सांगितलं, हे परत लाव. ह्याला खरंच होडी थांबायला हवी होती. माणूस वाटेवर राहिल्यावर कसं होतं ते त्याला ठाऊक होतं. बाकी सगळे गाणं गात होते, हा सांगत होता.

पण तोसुद्धा तिच्याएवढा सावकाश नव्हता.

"आबा, थांबा," नात बोलली, "मूळ गाण्याचाच स्पीड कमी करता येतो ह्यात." आणि केला. मी जीव एकवटून ऐकलं. गाणं हळू झालं, पण आवाज तोच, बारीकच. झोपेची गोळी खाल्लेल्या पोरीसारखा. मोबाईल फार हुशार, तो आवाज पडू देत नाही. आम्हाला तर पडलेलाच हवा होता.

"तुझ्याकडे आजीचं काहीच नाही?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. एक व्हिडिओ आहे, नाही असं नाही. नातीच्याच वाढदिवसाचा. त्यात आजी येते, कॅमेऱ्याकडे बघते आणि बोलते, "पुरे, मला केक नको." संपलं. ते आम्ही दोघांनी बघितलं, आणि मग नात चहा करायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

संध्याकाळी मी वहिनीकडे गेलो. तिचं घर आमच्याला लागून. वाडीत हिच्याबरोबर लावणीला गायलेली अशी वहिनीच काय ती धड उरलीय. बाकीच्या कुणी गेल्या, कुणी मुंबईला मुलांकडे. वहिनी खुर्चीत बसून टीव्ही बघत होती. मी सांगितलं, "वयनी, हिचं होडीचं गाणं म्हण."

तिनं टीव्ही बंद केला. घसा साफ केला, सुरू केलं, आणि पहिल्याच ओळीला पळायला लागली. थांबली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

"नाय येत, भावजी," ती बोलली. "कानात टीव्ही भरलाय माझ्या."

"रोज गायचीस की तिच्याबरोबर!"

"माझ्यावर नका ओरडू. तुम्ही तर तिला सेल बदल सेल बदल करून जीव खाल्लात. आता बरे शोधायला निघालात."

मी घरी आलो. 

आमची शेती आता एक खालचा मळाच उरलाय. वरचं सगळं पडीक. मजुरीला माणूस मिळत नाही, आणि तांदूळ दुकानात मिळतो. पण खालचा मळा ती सोडू द्यायची नाही, म्हणून यंदाही लावला. वाडीतल्या तीन-चार सुना आल्या. वहिनीचे गुडघे गेलेत, ती बांधावर डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून बसली, सुनांना जुड्या देत. मीही बांधावर. सुना मोबाईलवर गाणी लावून रोपं लावत होत्या, बोलत होत्या, हसत होत्या.

वहिनीचं लक्ष त्यांच्या हातांवर. थोडा वेळ तिनं सोसलं. मग बोलली, "अगं, ती काय लावणी आहे की कुणी रागानं फेकलंय? एवढं अंतर? मधे म्हशी बसवायच्यात काय?"

"आत्या, या ना मग तुम्ही," एक सून हसत बोलली. "दाखवा."

तिला वाटलं, म्हातारी येत नाही. म्हातारीनं लुगड्याचा काष्टा आवळला, माझ्या खांद्याला धरून चिखलात उतरली, आणि ओणवी झाली. दोन रोपं लावली, चार लावली, मागे सरली. आणि मला गाणं ऐकू आलं.

आधी मला वाटलं डोक्यातलंच आहे. मग चांगला कान तिकडे केला. वहिनी गात होती. खाली तोंड करून, चिखलाशी बोलल्यासारखी. रोप खुपसलं की एक शब्द. मागे सरली की श्वास. ओणवं झाल्यानं पोट दाबलेलं, त्यामुळे आवाज खालून, जाड येत होता. तोच, मंडणगडच्या मेलेल्या सेलांचा. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

सुनांनी मोबाईल बंद केला.

"वयनी," मी ओरडलो, "थांबू नको!"

"ओरडू नका वो," ती वर न बघता बोलली. "थांबले की जाईल."

खरंच तसंच होतं. उभी राहिली की जायचं. ओणवी झाली, हात चालायला लागला की यायचं. गाणं तिच्या कानात नव्हतंच, ते हातात राहिलं होतं. तिथं टीव्ही पोचला नव्हता.

मी तिथूनच एका सुनेला पुतण्याचा फोन लावायला सांगितला. "उद्या ये. अर्धा मळा ठेवलाय तुझ्यासाठी. चिखलात ये."

तो रात्रपाळी करून सकाळी आला. पॅन्ट गुडघ्यावर गुंडाळून बांधावर उभा राहिला आणि बोलला, "थोरल्या काकी, तुम्ही गा, मी रेकॉर्ड करतो."

"रेकॉर्ड कसलं करतोस?" वहिनी बोलली. "उतर खाली. हात चालव, मग गाणं येईल."

"मला लावणी नाही येत."

"क्रेननं एवढं मोठं ओझं उचलतोस, दोन काड्या उचलवत नाय तुला?"

सुना हसल्या. तो उतरला. त्याची रोपं तरंगायला लागली, वहिनीनं ती पुन्हा खुपसायला लावली. सुरुवातीला तो आधी गायचा आणि मागून लावायचा. त्यात पळायचा. "आधी हात," वहिनी सांगायची, "गाणं मागून येऊ दे. त्याला काय घाई आहे?" मळा संपत आला तेव्हा तो लावत होता आणि गाणं मागून येत होतं. मी बांधावर डोळे पुसले. पाऊस होता, कुणाला दिसलं नसेल.

वर्षाच्या दिवशी सकाळी वंदना झाली, पंगत झाली. मुलगा-सून मुंबईहून आली होती. दुपारी मांडवात पार्टी बसली. तिचा फोटो, हार, मेणबत्त्या. ठरलेली गाणी झाली. मग पुतण्यानं माझ्याकडे बघितलं आणि होडीचं गाणं धरलं. बरोबर धरलं. अगदी तिच्यासारखं सावकाश. पण ऑक्टोपॅडवाला पोरगा बिचारा, त्याच्या हाताला सवय वेगळी. पहिलं कडवं त्यानं कसंबसं आवरलं, दुसऱ्याला त्याचा हात सुटला, कीबोर्ड त्याच्या मागे, आणि गाणं पळायला लागलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो.

पुतण्यानं हात वर केला. वाद्यं थांबली, ढोलकीसुद्धा.  त्याला सूर धरवेना, बसला तसाच. मग मी बघितलं, तो जरा पुढे वाकला आणि त्याचा उजवा हात सतरंजीवर चालायला लागला. अंगठा टेकला, उचलला. टेकला, उचलला. आणि गाणं आलं.

मागे बायका बसल्या होत्या. वहिनी वाकली. सुना वाकल्या. सगळ्यांचे अंगठे सतरंजीवर. आणि खालून, जाड आवाजात, त्यांनी ते उचललं. मुंबईच्या पाहुण्यांना वाटलं असेल हे काय चाललंय. नात माझ्या पायाशी बसली होती. तिला लावणी येत नाही, तिनं माझ्या गुडघ्यावर अंगठा टेकायला सुरुवात केली.

सगळं गाणं तसं झालं. शेवटच्या कडव्यापर्यंत. नवरीची आई अजून वाटेवर, होडीवाला अजून थांबलेला.

तिचा आवाज त्यात नव्हता. असणार कसा? पण तिनं ऐकलं असतं तर मला कोपर मारलं असतं, एवढं नक्की.

पार्टी उठल्यावर पुतण्या चहाला आला. "काका, एवढं सावकाश गायला फार दम लागतो हो."

"तिला कधी लागला नाही," मी बोललो.

मूळ गाणं मुंबईच्या बाईचंच. ते मी आजही सांगतो, माझं मत बदललेलं नाही. पण आता मला तिचंच ऐकायचं असतं. वहिनी अंगणात बसून तांदूळ निवडताना कधी कधी गाते, तेव्हा मी मधला दरवाजा उघडा ठेवतो. सेल बदल म्हणून ओरडत नाही.

तिनं एसटीत विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला आता आलंय, पण ते द्यायला ती नाही. थांब म्हणणारीनं धावायचं नसतंच. इतक्या संथ गाण्यात होडी सुटायला खूप वेळ लागतो, आणि ते बरंच आहे. वाटेवर आता मी आहे. वाट उताराची, आणि माझे गुडघे दुखतात.